प्रोसेसरची ओळख दर वेळी बदलते: ईबीएक्सचा घोळ आणि काट्यावरचं कुलूप

दुखणं असं आहे. सी मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरची माहिती वाचतो, तिच्यावरून त्या कॉम्प्युटरची एक किल्ली बनवतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना तीच किल्ली जुळते का ते पाहतो. जुळत नाही. मग मधूनच एखाद्या वेळी जुळते. प्रोग्रॅम तोच, कॉम्प्युटर तोच, विंडोज तेच.

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगून टाकतो. प्रोसेसरकडून त्याचीच माहिती मागणारी सीपीयूआयडी नावाची सूचना असते; तिच्या लीफ १ मधून (लीफ म्हणजे माहितीचं एक पान) येणाऱ्या ईबीएक्स या रजिस्टराचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्याचा, सगळ्यात वरचा बाइट किल्लीत घेऊ नका. तो बाइट प्रोसेसरचा नसतो; त्या क्षणी प्रोग्रॅम ज्या कोअरवर (प्रोसेसरच्या आतला स्वतंत्र काम करणारा भाग) चालत होता, त्या कोअरचा असतो. पण एवढंच करून थांबूही नका. मी थांबलो होतो, आणि महिनाभरात पुन्हा त्याच गावी जावं लागलं.

मी राळेगाव तालुक्यात राहतो. जिनिंगवाल्यांना वजनकाट्याचे प्रोग्रॅम करून देतो. काम तसं साधं असतं: काट्याच्या डब्यातून सिरियल पोर्टवर वजन येतं, भरल्या गाडीचं एकदा आणि रिकाम्या गाडीचं एकदा, वजाबाकी करून पावती छापायची. एका गिऱ्हाइकाला दिलेली प्रत दुसऱ्याच जिनिंगात फुकट चालताना दिसली, म्हणून मी तिला कुलूप लावायचं ठरवलं. कुलपाची कल्पना बाळबोध होती. सीपीयूआयडी ही प्रोसेसरची स्वतःचीच सूचना आहे. ईएएक्समध्ये लीफचा आकडा ठेवून ती चालवली की ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स आणि ईडीएक्स या चार रजिस्टरांत उत्तर येतं. लीफ १ मागितला, चारही आकडे जोडले, त्यांचा हॅश, म्हणजे त्या आकड्यांवरून ठरावीक सूत्रानं निघणारा एक सांकेतिक आकडा, काढला, झाली किल्ली. घरी पन्नासदा चालवून पाहिलं, पन्नास वेळा तीच किल्ली आली.

सीतादही होऊन पहिला वेचा घरात आला, खरेदी सुरू झाली आणि पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगातून फोन.

"भाऊ, तुमचं सॉफ्टवेअर म्हणते का हा कॉम्प्युटर नोंदलेला नाही. इकडं फाटकापासून रोडपर्यंत गाड्या लागून रायल्या."

मी फोनवर नवी किल्ली दिली. चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. पुन्हा नवी किल्ली. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही तेव्हा मला वाटलं, बसलं एकदाचं.

आता मी कशाकशावर संशय घेतला ते सांगतो, म्हणजे तुमचे तेवढे दिवस वाचतील. पहिला संशय लाइनीवर. आमच्याकडे व्होल्टेज कसं नाचतं हे सांगायला नको. जिनिंगच्या मोटारा सुरू झाल्या की ऑफिसातला पंखा मंदावतो. मग अर्थिंग. मग मदरबोर्डवरचा सेल, कारण घड्याळ मागं पडायचं. सेल बदलला, घड्याळ सुधारलं, किल्ली नाही. मग अँटिव्हायरस काढला. मग कापसाच्या धुळीनं भरलेला पंखा साफ केला. तो साफ करायलाच हवा होता, पण दुखण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. खरं म्हणजे या सगळ्या गोष्टींनी कॉम्प्युटर बंद पडू शकतो, अडकू शकतो. पण प्रोसेसरनं स्वतःबद्दल चक्क वेगळं उत्तर द्यावं, आणि तेही प्रत्येक वेळी अगदी व्यवस्थित, असं लाइन करत नाही. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

सुचवलं दिवाणजींनी. तिसऱ्या दिवशी फोन का नाही आला, असं विचारलं तर म्हणाले, "फोन कायले करू भाऊ? तीन-चार खेपा बंद-चालू केलं का लागते ना आपोआप. कधी पहिल्याच खेपेला लागते, कधी चौथ्या."

हे ऐकलं आणि मी गप्प झालो. त्या कॉम्प्युटरात आय५-३४७० हा चार कोअरचा प्रोसेसर होता.

हॅशच्या आत काय शिरतंय हे पाहिल्याशिवाय हॅशवर डोकं आपटण्यात अर्थ नसतो. एक बिट बदलला तरी सगळा हॅश बदलतो, त्यामुळे चूक मोठी आहे की छोटी हेही कळत नाही. म्हणून दहा-पंधरा ओळींचा वेगळा प्रोग्रॅम लिहिला: लीफ १ वाचायचा, चारही रजिस्टरं जशीच्या तशी फाइलीत लिहायची, बाहेर पडायचं. तो वीसदा चालवला. आकडे सोळाच्या पायावरचे, म्हणून त्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात. ईएएक्स वीसही वेळा ०००३०६ए९. ईडीएक्स वीसही वेळा सारखं. ईसीएक्सही सारखं. आणि ईबीएक्स असं:

००१००८००
०४१००८००
०४१००८००
०२१००८००
०६१००८००
००१००८००

पुढचे सगळे आकडे तेच, फक्त पहिले दोन नाचतायत, आणि नाचतायत तेही चारच जागी: ००, ०२, ०४, ०६. मग सेट-थ्रेड-अफिनिटी-मास्क वापरून प्रोग्रॅमला एकेका कोअरवर बांधलं आणि पुन्हा वाचलं. कोअर ० वर कायम ००, कोअर १ वर कायम ०२, कोअर २ वर ०४, कोअर ३ वर ०६. खेळ संपला.

लीफ १ च्या ईबीएक्समध्ये चार बाइट म्हणजे चार वेगळ्या गोष्टी असतात. खालून वर वाचत गेलं तर पहिला बाइट ब्रँड इंडेक्स, जो या प्रोसेसरवर शून्य आहे. दुसरा ०८, त्याला आठानं गुणलं की ६४. तेवढ्या बाइटांची कॅशची ओळ असते. तिसरा १०, म्हणजे दशमानात १६. त्याच्याबद्दल पुढं बोलतो. आणि चौथा, सगळ्यात वरचा, हा एपिक आयडी. प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरला स्वतःचा असा तो क्रमांक असतो, इंटरप्ट नेमका कोणाकडे पाठवायचा हे कळावं म्हणून. या प्रोसेसरात एका कोअरवर एकच थ्रेड चालतो, पण क्रमांक देताना दुसऱ्या थ्रेडची जागा सोडलेली आहे, म्हणून ०, २, ४, ६ असे सम आकडे. प्रोग्रॅम सुरू झाला की त्याला कुठल्या कोअरवर टाकायचं हे विंडोज ठरवते. त्यामुळे नोंदणी कोअर २ वर झाली आणि उद्याची तपासणी कोअर ० वर, की कुलूप म्हणणार हा कॉम्प्युटर आपला नाही.

मग घरी पन्नासदा बरोबर कसं आलं? मी चाचणी व्हर्च्युअलबॉक्सच्या (कॉम्प्युटरच्या आत दुसरा लटका कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्रॅम) आतल्या विंडोजवर घेत होतो, आणि त्याला एकच प्रोसेसर नेमून दिला होता. एकच प्रोसेसर म्हणजे एपिक आयडी कायम शून्य. चाचणीच अशी होती की चूक दिसायला जागाच नव्हती.

उपाय दोन दिसतात, त्यातला एक करू नका. करू नका तो हा: वाचण्यापूर्वी थ्रेडला कोअर ० वर बांधून टाकणे. चालतं, पण प्रश्न झाकला जातो. बायोसमधून कोणी कोअर कमी केले, किंवा तोच प्रोग्रॅम व्हर्च्युअल मशीनमध्ये गेला, की पुन्हा काय होईल याची खात्री उरत नाही. त्यापेक्षा सरळ ईबीएक्स आणि ०एक्स००एफएफएफएफएफएफ यांचं अँड करा, म्हणजे वरचा बाइट शून्य होतो. किंवा मी शेवटी केलं तसं ईबीएक्स किल्लीतून पूर्ण वगळा. त्यात तसंही ओळखीसारखं काही नाही.

ईबीएक्स काढलात तर ईसीएक्सही काढा. त्यातला २७ क्रमांकाचा बिट प्रोसेसरवर नाही, ऑपरेटिंग सिस्टिमनं एक्ससेव्ह (रजिस्टरांतला मजकूर जपून ठेवण्याची सुविधा) चालू केलं आहे का यावर अवलंबून असतो. तोच कॉम्प्युटर जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सुरू केला तर हा बिट वेगळा येऊ शकतो. ३१ क्रमांकाचा बिट हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, आहे का ते सांगतो, म्हणजे विंडोजमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा एखादा पर्याय चालू-बंद केला तरी बदलू शकतो. सुविधांचे बिट कायमचे कोरलेले असतात हा समजच चुकीचा आहे. २०१४ मध्ये इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरांतल्या टीएसएक्स नावाच्या सुविधेत दोष निघाला तेव्हा इंटेलनं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) बदलून ती सुविधाच बंद केली होती. लीफ ७ मधले तिचे बिट ज्यांनी किल्लीत घेतले असतील त्यांचं काय झालं असेल, विचार करा.

माझ्या हातात आता ईएएक्स उरलं, आणि ईडीएक्स. ती स्थिर होती. नवी प्रत दिली, दिवाणजींचा फोन बंद झाला, मी निश्चिंत.

महिनाभरानं त्याच मालकाच्या दुसऱ्या जिनिंगात काटा बसला. त्यासाठी त्यांनी नागपूरहून वापरलेले तीन कॉम्प्युटर आणले होते, एका ऑफिसातून एकगठ्ठा निघालेले, तिन्ही सारखे. मी एकाची किल्ली बनवली. दिवाणजींचा पोरगा चलाख. त्यानं प्रोग्रॅमचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन उरलेल्या दोन्ही कॉम्प्युटरांवर टाकलं. दोन्हीकडे चाललं. वर मला फोन करून अभिनंदन केलं, "भाऊ, किल्ली तं तिन्हीले लागली!"

लागणारच होती. ईएएक्समधला ०००३०६ए९ हा आकडा उलगडून पाहा. शेवटचा ९ म्हणजे स्टेपिंग. त्याआधीचा ए म्हणजे मॉडेलचा खालचा भाग, ६ म्हणजे फॅमिली, आणि ३ म्हणजे मॉडेलचा वरचा भाग. ३ आणि ए जोडून ३ए, दशमानात ५८. फॅमिली ६, मॉडेल ५८, स्टेपिंग ९. आयव्ही ब्रिज घराण्यातल्या असंख्य प्रोसेसरांचं उत्तर हेच. ही माहिती बियाण्याच्या पिशवीवरच्या वाणाच्या नावासारखी आहे. वाण कळतं. कोणाच्या वावरातलं कोणतं झाड, ते पिशवीवर लिहिलेलं नसतं. मला सात-बारा हवा होता आणि मी पिशवी वाचत बसलो होतो.

इथं अनेक जण डब्ल्यूएमआयसीचा, म्हणजे कॉम्प्युटरची माहिती सांगणाऱ्या विंडोजच्या कमांडचा, रस्ता धरतात. तिथं प्रोसेसर-आयडी नावाचं एक सोळा अक्षरी खणखणीत मूल्य मिळतं: बीएफईबीएफबीएफएफ०००३०६ए९. नाव पाहून वाटतं, हाच सिरियल नंबर. शेवटची आठ अक्षरं पुन्हा पाहा. ओळखीची वाटतात ना? ते मूल्य म्हणजे लीफ १ चं ईडीएक्स आणि त्यापुढं ईएएक्स, एवढंच. सारख्या प्रोसेसरांवर सारखंच येणार. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून डब्ल्यूएमआयसी मुळात बंदच असते, त्यामुळे सी मधून ती कमांड चालवून तिचं उत्तर वाचणारे प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर रिकाम्या हाती परततात.

प्रोसेसरला खरा सिरियल नंबर एकदा होता. १९९९ मध्ये आलेल्या पेंटियम ३ मध्ये इंटेलनं ९६ बिटांचा क्रमांक दिला होता. वरचे ३२ बिट लीफ १ मधून आणि उरलेले ६४ लीफ ३ मधून वाचता यायचे. लोकांच्या खासगीपणावर घाला म्हणून त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि पेंटियम ४ मध्ये तो क्रमांक नव्हताच. जुनी उदाहरणं वाचून आजही कोणी लीफ ३ मागतो आणि शून्यं मिळाली की आपलाच कोड चुकला असं समजून रात्र घालवतो. लीफ १ च्या ईडीएक्समधला १८ क्रमांकाचा बिट पाहा. तो शून्य असेल तर सिरियल नंबर नाही, विषय संपला.

थोडं अवांतर, पण याच वाटेवरचे खड्डे आहेत म्हणून सांगतो. उत्पादकाचं नाव लीफ ० मधून येतं, बारा अक्षरं, पण रजिस्टरांचा क्रम ईबीएक्स, मग ईडीएक्स, मग ईसीएक्स असा आहे. सवयीनं ईसीएक्स आधी घेतलं की "जेन्युइन इंटेल"ऐवजी मधले तुकडे उलटेपालटे झालेलं काहीतरी छापलं जातं. मॉडेलचं पूर्ण नाव ०एक्स८००००००२ ते ०एक्स८००००००४ या तीन लीफमधून प्रत्येकी १६ बाइट असं येतं, आणि तिथं मात्र क्रम सरळ ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स. आधी ०एक्स८००००००० मागून प्रोसेसर तिथवर जातो का ते तपासा. अॅरे ४९ बाइटांचा घ्या आणि शेवटी शून्य स्वतः ठेवा. जुन्या इंटेल प्रोसेसरांत नावाच्या सुरुवातीला मोकळ्या जागा असतात, म्हणून नाव तुलनेत वापरणार असाल तर त्या आधी छाटा.

तो ईबीएक्समधला १६ राहिला. बरेच जुने कोड तो आकडा कोअरची संख्या म्हणून छापतात, आणि चार कोअरच्या कॉम्प्युटरवर "१६ कोअर" असं दिमाखात झळकतं. तो आकडा एपिक आयडींसाठी राखलेल्या जागांचा आहे, प्रत्यक्ष बसलेल्या कोअरांचा नाही. लग्नाच्या पंगतीत पानं किती मांडली आणि माणसं किती जेवली यात फरक असतो, तसं. कोअर मोजायचे तर विंडोजला गेट-लॉजिकल-प्रोसेसर-इन्फर्मेशन विचारा, लिनक्सवर सिसकॉन्फ. स्वतः मोजायचा हट्ट असेल तर लीफ ०बी आहे.

जीसीसी हा सी चा कंपायलर वापरणाऱ्यांसाठी एक. सीपीयूआयडी.एच मधलं साधं __गेट_सीपीयूआयडी लीफ १ साठी ठीक आहे. पण लीफ ४, ७ किंवा ०बी साठी ईसीएक्समध्ये सबलीफचा, म्हणजे लीफमधल्या उपभागाचा, आकडाही द्यावा लागतो. साधं फंक्शन तो ठेवण्याची हमी देत नाही. मग ईसीएक्समध्ये जो कचरा असेल त्याप्रमाणे उत्तर, कधी बरोबर, कधी नाही. लक्षणं माझ्या दुखण्यासारखीच, कारण मात्र वेगळं. त्यासाठी __गेट_सीपीयूआयडी_काउंट घ्या. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये __सीपीयूआयडीईएक्स.

बरं, मग ओळख घ्यायची कुठून? प्रोसेसरकडून नाही. मी आता तीन गोष्टी घेतो आणि त्यातल्या कोणत्याही दोन जुळल्या तर पुरे मानतो.

पहिली, मदरबोर्डचा यूयूआयडी, म्हणजे बनवणाऱ्यानं त्यात भरलेला सोळा बाइटांचा ओळख क्रमांक. गेट-सिस्टम-फर्मवेअर-टेबलकडे आरएसएमबी हे टेबल मागायचं, त्यात टाइप १ ची नोंद शोधायची, तिच्या सुरुवातीपासून आठ बाइट सोडून पुढचे सोळा घ्यायचे. सोळाही बाइट शून्य किंवा सोळाही एफएफ असतील तर यूयूआयडी भरलेलाच नाही असं समजा. स्वस्त बोर्डांवर आणखी एक पीडा असते: बनवणाऱ्यानं नमुन्यातलं मूल्य तसंच सोडलेलं, ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९. त्यात दोनापासून नवापर्यंतचे आकडे कसे जवळपास ओळीनं येतात पाहा, हे कोणी खरंच दिलेलं मूल्य नव्हे. हे दिसलं की ती नोंद मोजायचीच नाही.

दुसरी, डिस्कचा सिरियल नंबर. गेट-व्हॉल्यूम-इन्फर्मेशन देतं तो नव्हे, तो फॉरमॅट केला की बदलतो. डिस्कचा स्वतःचा नंबर डिव्हाइस-आयओ-कंट्रोलमधून स्टोरेजची माहिती विचारून मिळतो.

तिसरी, विंडोजच्या रजिस्ट्रीतलं मशीन-जीयूआयडी. इथं मी अर्धा दिवस घालवला. प्रोग्रॅम ३२ बिटचा आणि विंडोज ६४ बिटचं असेल तर रजिस्ट्री परस्पर दुसऱ्या फांदीवर नेते आणि तिथं हे मूल्य सापडत नाही. रजिस्ट्रीतली ती नोंद उघडताना ६४ बिटची फांदी हवी असं सांगणारा फ्लॅग द्यावा लागतो. आणि एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकली तर हे मूल्य दोन्हीकडे सारखंच राहतं, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबायचं नाही. नागपूरच्या त्या तीन कॉम्प्युटरांत मला हेच सापडलं: तिघांचं मशीन-जीयूआयडी एकच. विकणाऱ्यानं एकदाच विंडोज टाकून प्रती मारल्या असणार. पण यूयूआयडी आणि डिस्क वेगळ्या, त्यामुळे दोनचा हिशेब लागत नाही आणि फोल्डर उचलून नेलं तर कुलूप बसतं.

फाटकावरचा नंबर दाखवणारा बोर्ड रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालतो. तिथं सीपीयूआयडी.एच कंपाइलच होत नाही, कारण ती सूचना एक्स८६ प्रोसेसरांची. पाय आर्मवर चालतो. पण तिथं उलट सोय आहे, प्रॉक फोल्डरातल्या सीपीयूइन्फो फाइलीत सिरियल नावाची ओळच मिळते. फक्त ती फाइल सबंध उचलून हॅश करू नका. पीसीवरच्या लिनक्समध्ये त्याच फाइलीत मेगाहर्ट्झचा आकडा असतो, आणि तो क्षणाक्षणाला बदलतो.

आणि एक बदल मी कुलपातच केला. किल्ली जुळली नाही तरी प्रोग्रॅम आता बंद होत नाही. पावतीच्या खाली एक ओळ छापतो की नोंदणी करा, आणि दहा दिवस चालू राहतो. काट्यावर बंडी उभी, मागं पंधरा ट्रॅक्टर, शेतकरी पहाटेपासून थंडीत, आणि माझ्या हॅशपायी वजन अडायचं, हे मला पटेना. चोरी झालीच तर दहा दिवसांची होईल.

फेब्रुवारीत पहिल्या जिनिंगातला मदरबोर्ड जळाला. या वेळी खरंच लाइनीमुळे. गावातल्या दुकानदारानं दुसरा जुना बोर्ड बसवला, डिस्क तीच ठेवली. नव्या बोर्डाचा यूयूआयडी नेमका तो दोन ते नऊवाला निघाला. प्रोग्रॅमनं तो सोडून दिला, डिस्क जुळली, मशीन-जीयूआयडी जुळलं, काटा चालू. मला हे आठ दिवसांनी कळलं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं बिल कोणी भरायचं हे विचारायला दिवाणजींनी फोन केला तेव्हा.